निरोगी वातावरणासाठी घरगुती उपाय

अभिनंदन, साहेब! केबिन मिळाली, दारावर पाटी लागली, आणि आता हेड ऑफिसचा मेल आलाय की प्लांटमध्ये 'निरोगी कार्यसंस्कृती' उभी करा, मार्चएंडच्या आत. घाबरू नका. भोसरी-चाकण पट्ट्यात मी २२ वर्षं काढली, सहा साहेब पाहिले. सहाही जणांनी संस्कृती उभी केली होती. तिचा फ्लेक्स अजून स्टोअरमध्ये गुंडाळून ठेवलाय.

सुरुवात 'आपण सगळे एक कुटुंब' या वाक्याने करा. खर्च शून्य, आणि फायदे कितीतरी. १९४८ च्या कारखाने कायद्यापासून ओव्हरटाइमचे पैसे दुप्पट दराने द्यायची सरकारी खोड आहे, पण सरकार परकं, आपण घरचे. बहिणीच्या लग्नात पंगती वाढणारा भाऊ नंतर बिल पाठवतो का? फक्त एक पथ्य पाळा. माणसं कमी करायची वेळ आली की त्या दिवसापुरती आपण कंपनी असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुटुंब, जरा आटोपशीर.

कुणी 'थकवा आलाय' म्हणाला तर शास्त्राचा आधार घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद घेतली, पण आजार म्हणून नाही, कामाच्या जागी होणारा प्रकार म्हणून. म्हणजे आजारपणाची रजा बाद. हा प्रकार कामाच्या जागीच होतो, तेव्हा तो कामाच्या जागीच बरा व्हावा.

यानंतर निनावी पाहणी. ही मन लावून करा, कारण संस्कृतीचे मार्क इथेच मिळतात. फॉर्मवर नाव अजिबात विचारायचं नाही. विभाग, वय, स्त्री की पुरुष, किती वर्षं नोकरी आणि कंपनीच्या बसला कुठल्या स्टॉपवर चढता, एवढं पुरतं. आमच्या अकाउंट्समध्ये पन्नाशीपुढच्या बाई एकच होत्या. 'साहेब तुमचं ऐकून घेतात का?' यापुढे त्यांनी 'कधीकधी'वर टिक केली. तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि अगदी मायेनं विचारलं, "मॅडम, कधीकधी म्हणजे नेमकं कधी?" बाईंनी चहा अर्धा टाकला. पुढच्या वर्षी अख्ख्या प्लांटने 'नेहमी'वर टिक केली. दोघं जण त्या आठवड्यात गावी गेले होते, त्यांचेही फॉर्म 'नेहमी' म्हणून भरून आले. याला म्हणतात सहभाग.

वाईट बातमी घेऊन येणाऱ्यावर ओरडू नका. ओरडणं जुन्या पिढीचं. मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचं, "प्रॉब्लेम नको सांगूस, सोल्यूशन घेऊन ये." क्वालिटीतल्या एका पोरानं एकदा सकाळी सकाळी सांगितलं, की बोअर गेजच्या कॅलिब्रेशनची तारीख उलटलीय, मापाची खात्री नाही. साहेबांनी शांतपणे विचारलं, "मग इतके दिवस तू काय करत होतास?" पोरगा सुधारला. त्यानंतर तो कधीच काही बोलला नाही. पुढे महिन्याभराने माल परत आला तेव्हा लाइनवरच्या हेल्परपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना तो का परत आला ते ठाऊक होतं. साहेबांना ते ग्राहकाच्या फोनवरून कळलं. मीटिंगमध्ये त्यांनी टेबलावर हात आपटून विचारलं, "मला कुणी सांगितलं का नाही?" यावरही कुणी काही सांगितलं नाही. शिस्त ही अशी मुरावी लागते.

तुम्ही वाचणारे आहात, तेव्हा कुणीतरी डेमिंगचं नाव काढेल. जपानी कारखानदारांना गुणवत्तेचे धडे देणारा हा अमेरिकी माणूस. त्याचे १४ मुद्दे आपल्या टाइम ऑफिसबाहेर फ्रेममध्ये आहेत. कागद मावत नव्हता म्हणून खालचा अर्धा मागे दुमडलाय. त्यामुळे सातवा मुद्दा, 'नेतृत्व घडवा', झकास दिसतो. आठवा होता 'भीती घालवा'. तो दुमडीत गेला. मुद्दाम कुणी केलं नाही हो, फ्रेमचं मापच तसं.

टोयोटाचंही कुणीतरी सांगेलच. तिथे लाइनवर एक दोरी असते. साध्या कामगारालाही काही खटकलं तर तो ती ओढतो, टीम लीडर धावत येतो, आणि वेळेत निस्तरलं नाही तर लाइन थांबते. विचार करा, साहेब, आपल्याकडे अशी दोरी लावली तर दिवसाचं टार्गेट कोण गाठणार? आपल्याकडेही दोरी आहे, पण ती टीम बिल्डिंगच्या सामानात.

टीम बिल्डिंग गुरुवारीच ठेवायचं. सुट्टीचा वार, प्रॉडक्शन बुडत नाही. सकाळी साडेसहाला गेटवरून बस, मुळशीकडचं रिसॉर्ट, आणि बसमध्ये चढताना हजेरी, कारण यायचं ते स्वखुशीने. मागच्या खेपेला रस्सीखेचीत साहेबांच्या बाजूला एच.आर. आणि अकाउंट्स होतं, समोर मेंटेनन्सचे चौघं. फोर्कलिफ्ट बंद पडली की भरलेली पॅलेट हातांनी सरकवणारे गडी ते. शिट्टी वाजली. चौघांनी एकमेकांकडे बघितलं, 'हं' म्हणून थोडा जोर लावला, अन् मग असे काही तोंडघशी पडले, की एकाचा गुडघा खरोखरच सोलवटला. साहेब हात वर करून ओरडत होते. फोटो तेव्हाचाच आहे.

फ्लेक्सवर तोच छापलाय, खाली मोठ्या अक्षरांत 'विश्वास'. तुमच्यासाठी उद्या काढून ठेवतो, धूळ पुसली की नवा दिसेल. तुमचा पासपोर्ट साइज नको, जरा मोठा फोटो द्या, साहेबांच्या चेहऱ्यावर चिकटवायला. बरोबर बसतो. आधीच्यांचेही तिथेच आहेत, एकावर एक.