सिस्टरला दारातून परत पाठवणाऱ्या मेसेजला उत्तर

श्रीरामपूरला अण्णांच्या पायाचं ड्रेसिंग करायला ज्या सिस्टर येतात, त्यांना अण्णांनी गेल्या आठवड्यात दारातूनच परत पाठवलं. कारण काय, तर व्हॉट्सॲपवर आलेला एक मेसेज. मला हे चौथ्या दिवशी कळलं, तेही शेजारच्या वहिनींनी फोन केला म्हणून. तोवर वहिनींच्या मुलानं घाईत बांधून दिलेली पट्टीच पायावर होती. मी पुण्याहून पोचले, पट्टी सोडली, आणि त्या वासानं मला तोंड फिरवावं लागलं.

अण्णांना पंचवीस वर्षांपासून शुगर आहे. तळपायाला स्पर्श कळत नाही. आठ महिने सिस्टर एक दिवसाआड येत होत्या. ड्रेसिंग झालं की त्या अण्णांच्या चपलेत हात घालतात, आतून बोटं फिरवून खडा, खिळा, काही टोचण्यासारखं आहे का ते बघतात आणि मगच चपला पायाशी ठेवतात. त्यांच्या गळ्यात बारीक साखळीत क्रूस आहे. आठ महिन्यांत त्या अण्णांशी बोलल्या त्या शुगरबद्दल, लोणच्यातल्या मिठाबद्दल आणि स्वतःच्या मुलाच्या बारावीबद्दल.

मेसेज तुम्हालाही आला असेल. मला तो तीन ग्रुपवर आला. 'घरोघरी फिरणाऱ्या मिशनऱ्यांचं सत्य', खाली पाच मुद्दे आणि शेवटी 'प्रत्येक घरात पोचवा'. मी मुद्द्यांचा क्रम पाळणार नाही. आमच्या घरात जो मुद्दा घुसला, तो आधी घेते.

मुद्दा दुसरा : 'मिशन हॉस्पिटलच्या नर्स हे धर्मांतराचं पहिलं हत्यार. बेशुद्ध पेशंटवर पाणी शिंपडून बाप्तिस्मा करतात. ख्रिश्चन नर्स घरात घेऊ नका.'

हे ज्यानं लिहिलं, त्यानं एक मिनिट तरी विचार केला का? बेशुद्ध माणसावर पाणी शिंपडलं. तो शुद्धीवर आला, घरी गेला, गणपती बसवला, एकादशी केली. बदललं काय? रोमन कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या नियमांतसुद्धा मोठ्या माणसानं स्वतःची इच्छा दाखवल्याशिवाय त्याला बाप्तिस्मा देता येत नाही. कुण्या उत्साही माणसानं कुठे असं पाणी शिंपडलं असेल, तर त्या माणसाला जाब विचारा. त्यासाठी राज्यातल्या प्रत्येक नर्सला संशयित कसं ठरवता?

मिरजेचं उदाहरण घ्या. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचं हॉस्पिटल उभं केलं. ते मिशनरी होते, धर्म सांगायलाच आले होते, हे लपवण्यासारखं नाही. सांगली, कोल्हापूर आणि पलीकडच्या कर्नाटकातले पेशंट पिढ्यान् पिढ्या तिथे जात राहिले. हॉस्पिटल हा धर्मांतराचा कारखाना असता, तर सव्वाशे वर्षांत मिरजेत दुसरं काही उरलं नसतं. मिरज आजही ओळखली जाते ती मीरासाहेबांच्या दर्ग्यासाठी, सतार-तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांसाठी आणि दवाखान्यांसाठी.

आणखी एक गोष्ट या मेसेजवाल्यांच्या लक्षातच येत नाही. पत्रकं घेऊन दारोदार जाणारे पुष्कळदा 'यहोवाचे साक्षीदार' या वेगळ्या पंथाचे असतात. ते हॉस्पिटलं चालवत नाहीत, शाळा चालवत नाहीत, आणि बाकीची चर्चेस त्यांना आपलं मानतही नाहीत. आमच्या सिस्टर ज्या चर्चला जातात, तिथले लोक दारोदार फिरत नाहीत. रविवारी उपासना करतात आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणतात, मराठीत. आमच्या तालुक्यातल्या हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, यात्रेला दर सप्टेंबरात निम्मा तालुका लोटतो, त्यात हिंदू किती असतात हे अण्णांनी स्वतः पाहिलंय. माझी आईसुद्धा नवस फेडायला गेली होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

मुद्दा पहिला : 'संविधानानं धर्मप्रचाराला बंदी घातली आहे. दारात आलेल्याला पकडा, बांधून ठेवा, व्हिडिओ काढा.'

सगळ्यात घातक मुद्दा हाच, आणि सगळ्यात खोटाही हाच. संविधानाचं कलम २५ उघडा. धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क तिथे सरळ लिहिला आहे. सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादा घातल्या आहेत, पण बंदी कुठेही नाही.

'प्रसार' हा शब्द चुकून राहून गेला, असंही कुणी म्हणू नये. ६ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत याच शब्दावर वाद झाला. ओरिसाचे लोकनाथ मिश्र यांनी तो काढावा म्हणून जोरदार भाषण केलं. त्यांच्या बाजूचे मुद्देही तिथे नोंदले गेलेत, जिज्ञासूंनी वाचावेत. पण शब्दाच्या बाजूनं कोण बोललं ते बघा. सोमनाथचं मंदिर पुन्हा उभं राहावं म्हणून झटलेले कन्हैयालाल मुनशी. ते म्हणाले की हा शब्द नसता तरी भाषणस्वातंत्र्याच्या आधारे कुणालाही आपला धर्म दुसऱ्याला पटवून देता आलाच असता. टी. टी. कृष्णमाचारी यांनी स्वतःचा अनुभव सांगितला. सुमारे चौदा वर्षं ते ख्रिस्ती संस्थांमध्ये शिकले, आणि त्यांचं धर्मांतर करायचा प्रयत्न कुणी केला नाही. ही काही मिशनऱ्यांची वकिली नव्हती. हिंदू घरातली, फाळणीच्या जखमा ताज्या असताना बोलणारी ही माणसं होती.

आता मेसेजमधलं अर्धं सत्य. १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क कुणालाच नाही. जबरदस्ती, फसवणूक, आमिष यांना रोखणारे मध्य प्रदेश आणि ओरिसाचे कायदे न्यायालयानं वैध ठरवले. हे मान्य. पण याच निकालानं समजावून सांगण्याचा हक्क कायम ठेवला. दारात उभं राहून 'दोन मिनिटं बोलू का?' असं विचारणारी बाई त्या हक्कातच बसते. तुम्ही 'नको' म्हणालात आणि ती निघून गेली, की विषय संपला.

उलट तिला अडवलंत किंवा खोलीत कोंडलंत, तर गुन्हा तुमचा. भारतीय न्याय संहितेची १२६ आणि १२७ ही कलमं त्यासाठीच आहेत. जमावानं 'धडा शिकवायचा' म्हटल्यावर काय होतं, हे २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओरिसातल्या मनोहरपूरला दिसलं. कुष्ठरोग्यांत काम करणारे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दहा आणि सहा वर्षांची दोन मुलं गाडीत झोपली होती. त्यांना गाडीसकट जाळलं. 'बांधून ठेवा' असं टाइप करून अंगठा दाखवणाऱ्या प्रत्येकानं ही दोन वयं लक्षात ठेवावीत.

माझा स्वतःचा अनुभवही सांगते, नाहीतर कुणी म्हणेल की हिला दारावर कुणी भेटलंच नाही. आई गेली त्याच्या नवव्या दिवशी पुण्यातल्या आमच्या दारात दोन बायका आल्या. दाराबाहेरच्या चपला त्यांना दिसल्या असणार. 'तुमची आई तुम्हाला परत भेटेल, हे पुस्तकात लिहिलंय' असं म्हणाल्या. मला त्याचा संताप आला, अजून येतो. घरात सुतक असताना, माणूस आतून मोडलेला असताना त्याच्या दारात धर्म घेऊन जाणं चूक आहे. मग तो कुणाचाही धर्म असो. मी म्हटलं, आत्ता नाही, पुन्हा येऊ नका. त्या 'माफ करा' म्हणून गेल्या आणि परत आल्या नाहीत. वागणं चुकीचं होतं, पण तो गुन्हा नव्हता. हा फरक समजायला कायद्याची पदवी लागत नाही.

माझी कसोटी एवढीच आहे : समोरच्याला 'नको' म्हणता येतं का? भूक लागलेल्याला, पोरक्या मुलाला, औषधासाठी तुमच्यावर अवलंबून असलेल्याला ते म्हणता येत नाही. तिथे धर्म मध्ये आणू नये. प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या चंगाई सभांमध्ये गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा, असं कुणी सांगत असेल तर त्याच्याविरुद्ध जरूर तक्रार करा. चमत्काराच्या नावानं लोकांना फसवणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो बाबाला, बुवाला आणि पास्टरला सारखाच लागू होतो. आमच्या सिस्टरनं अण्णांचं औषध कधी बंद केलं नाही. अण्णांचं ड्रेसिंग बंद पडलं ते या मेसेजमुळे.

मुद्दा तिसरा : 'महाराष्ट्रात ख्रिश्चन दर दहा वर्षांनी दुप्पट होतात.'

जनगणना बघा. २००१ मध्ये राज्यात ख्रिस्ती सुमारे १०.५८ लाख होते, २०११ मध्ये सुमारे १०.८० लाख. टक्का १.०९ वरून ०.९६ वर आला. देशात १९५१ ला २.३ टक्के होते, २०११ लाही २.३ टक्केच. कागदावर हिंदू राहून चर्चला जाणारे काही लोक असतात, हे मी नाकारत नाही. ते कागद का बदलत नाहीत, ते पाचव्या मुद्द्यात येईल.

मुद्दा चौथा : 'दारोदार फक्त तेच जातात, आपण कुणाच्या दारात जात नाही.'

जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येच्या अक्षता घेऊन कार्यकर्ते घरोघर गेले. अण्णांनी त्या हात जोडून घेतल्या, देव्हाऱ्यात ठेवल्या. सिग्नलला गीता देणारे इस्कॉनचे तरुण सगळ्यांना माहीत आहेत. तबलीगवाले मोहल्ल्यांत दारं ठोठावतात. यातलं काहीच वाईट नाही, पण मग फक्त ख्रिश्चनांच्याच बाबतीत तो हल्ला कसा होतो?

आपल्याकडे मिशनऱ्यांना उत्तर द्यायची खरी परंपराही आहे, ती तरी आठवा. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी दर आठवड्याला मिशनऱ्यांशी उघड वाद घालत. वाळूत गर्दी जमायची. बुवा हिंदू धर्माच्या बाजूनं एकेका प्रश्नाला प्रश्नानं भिडायचे. सगळं लोकांसमोर, नाव लावून. बिननावाचा मेसेज पसरवणाऱ्यांनी त्यांचा वारसा सांगू नये.

मुद्दा पाचवा : 'सगळे तांदळाच्या पोत्यासाठी बाटले.'

सगळे नाही. पण काही प्रकरणं लाजिरवाणी होती, ती मान्य करते. १८४३ मध्ये मुंबईत श्रीपत शेषाद्री या अल्पवयीन मुलाला मिशनऱ्यांनी आपल्याकडे ठेवलं. कोर्टानं तो वडिलांच्या ताब्यात दिला, आणि त्याला जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांना झगडावं लागलं. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या शाळेतल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात म्हणून रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुलींच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही, हा पालकांना दिलेला शब्द पाळला गेला नाही, ही त्यांची तक्रार मला आजही रास्त वाटते. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांत मिशनच्या आसऱ्याला गेलेल्यांत कितीजण श्रद्धेनं गेले आणि कितीजण पोटासाठी, हा प्रश्नही खरा आहे.

पण आमच्या नगर जिल्ह्यात मिशनकडे गेले ते मुख्यतः महार-मांग समाजातले लोक. त्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं. पोटाला भाकरी आणि पोराला पाटी देणाऱ्याच्या दारात माणूस गेला, तर आधी आपल्या दाराचं काय ते विचारा. आणि ना. वा. टिळकांना कोणतं पोतं मिळालं? १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि घर तुटलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्यांनीही तोच धर्म घेतला, तो स्वतःच्या विचारानं.

आज तर हिशोब बरोबर उलटा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना मिळाला, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांनाही. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो मिळत नाही. शिष्यवृत्ती जाते, नोकरीतली जागा जाते. तरीही कुणी उघडपणे चर्चला जात असेल, तर तो पोत्यासाठी जातो असं म्हणणं हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो लोकांसह धम्म स्वीकारला, तेव्हाही 'यांना काय कळतंय' म्हणणारे होतेच.

मी सिस्टरना फोन केला. त्या म्हणाल्या, 'येईन. पण काकांनी स्वतः बोलवायला हवं. मुलगा स्कूटरवर सोडायला आला होता, त्याच्यासमोर मला परत पाठवलं.' मी अण्णांना हे जसंच्या तसं सांगितलं आहे. त्यांनी अजून फोन केलेला नाही. दोन दिवस ड्रेसिंग मी करते आहे, फोनवर सिस्टर सांगतात तसं. माझ्या हाताला ते नीट जमत नाही.

अण्णांना हा मेसेज ज्यांनी पाठवला, ते माझे सख्खे मामा आहेत आणि हे वाचत आहेत. मामा, सोमवारी अकरा वाजता अण्णांना सर्जनना दाखवायचं आहे. तुम्ही बरोबर या, आणि जखम उघडतील तेव्हा बाहेर जाऊ नका, आत थांबा.