चुना, हळद आणि हनुवटीचे केस

गेल्या आठवड्यात एक मेसेज फिरत होता, तुमच्याकडेही आला असेलच, "मुलींच्या चेहऱ्यावरचे केस, डॉक्टर लपवतात ते सत्य", खाली सहा मुद्दे आणि शेवटी दहा मैत्रिणींना पाठवा. मी एरवी डिलीट करून मोकळी झाले असते, पण ताईने तो काळजीपोटी भाचीला पाठवला. पोरगी 18 वर्षांची, मुलुंडला राहते, लोकलच्या लेडीज डब्यात अजून मास्क लावून बसते, आम्हाला वाटायचं धुळीचा त्रास आहे. तिने गुपचूप पानाच्या गादीवरून चुन्याची डबी आणली, हळद कालवली आणि अर्धा तास हनुवटीला लावून बसली. रविवारी मला फोन, रडतच, मावशी जळतंय. हनुवटी लालभडक, दोन फोड.

म्हणून आधी हाच मुद्दा, "चुना-हळदीने केस मुळापासून कायमचे जातात". अहो, चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, ओल्या चुन्याचा पीएच 12 च्या वर असतो, साबणापेक्षाही कितीतरी जहाल. तंबाखूत चिमूटभर चोळतात तेवढ्याने तोंड सोलवटतं आणि तुम्ही चेहऱ्याला लेप सांगताय? आता यात थोडं खरं आहे तेही सांगते, नाहीतर कोणीतरी लगेच म्हणेलच. बाजारातल्या केस काढायच्या क्रीममध्येही चुन्यासारखाच जहाल पदार्थ असतो. पण तिथे केस विरघळवायचं मुख्य काम थायोग्लायकोलेट करतं, प्रमाण मोजलेलं असतं आणि काही मिनिटांत पुसून टाकायचं असतं. आणि एवढं करून जातो कातडीवरचा केस, मूळ आत जसंच्या तसं. भाजलेल्या जागी आपल्या सावळ्या कातडीवर डाग राहतो तो महिनोन् महिने, म्हणजे केस परत येणार आणि वर डाग बोनस. पोरीला अक्षरशः चुना लावला.

दुसरा मुद्दा वाचून तर मी मोठ्याने हसले, "स्त्रीच्या शरीरात पुरुषी हार्मोन शिरतात". शिरतात? कुठून, मुलुंड चेकनाक्यावरून? अँड्रोजेन, म्हणजे हेच ते पुरुषी म्हणवले जाणारे हार्मोन, प्रत्येक बाईच्या अंगात असतात, बीजांडकोश आणि मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी ते बनवतातच. ते वाढले, किंवा केसाचं मूळच त्यांना जास्त दाद द्यायला लागलं, की हनुवटीवरची, पोटावरची मऊ लव राठ आणि काळी होते. सगळ्यात जास्त वेळा कारण पीसीओएस निघतं, म्हणजे बीजांडकोशाचा आणि हार्मोनचा तो आजार ज्यात पाळीही बिघडते. त्यात बऱ्याच जणींचं इन्शुलिन वाढलेलं असतं, ते बीजांडकोशाला आणखी अँड्रोजेन बनवायला लावतं. काही जणींचे रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल, पाळी वेळेवर, आणि तरी केस, आई-आजीकडून आलेले.

"लग्न होऊन मूल झालं की आपोआप जातात." आमच्या सासरी तीन मुलांची आई पन्नाशीतही रोज सकाळी खिडकीत आरसा आणि चिमटा घेऊन बसायची. पुढे.

"हार्मोनच्या गोळ्या घेतल्या की मूल होत नाही." हे चुन्याइतकंच वाईट, कारण हे वाचून मुली चालू उपचार सोडतात. एंडोक्राइन सोसायटीची, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या अमेरिकेतल्या संघटनेची, 2018 ची मार्गदर्शक तत्त्वं याच विषयावर आहेत आणि त्यात सरळ लिहिलंय, लगेच मूल नको असेल तर बहुतेक जणींना आधी या गर्भनिरोधक गोळ्याच द्या, 6 महिने वाट बघा, कमी पडलं तर अँड्रोजेन अडवणारं औषध जोडा. गोळ्या थांबवल्या की बीजांड पुन्हा तयार व्हायला लागतं, कायमचं वांझपण वगैरे येत नाही. पीसीओएसमध्ये दिवस राहायला वेळ लागू शकतो, पण तो त्या आजारामुळे, आणि बिल फाडतात गोळीच्या नावावर. आणि हो, मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून घेऊ नका, रक्ताच्या गुठळ्या, बीपी, मायग्रेनची हिस्ट्री असेल तर ही गोळी बऱ्याचदा चालत नाही.

रेझरने केस दाट होतात म्हणे. 1928 साली मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन संशोधक बाईंनी तपासून सांगितलंय की होत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून खरखरीत लागतं, बस.

"पुदिन्याच्या चहाने केस जातात", हे बरं, मान्य करते, अगदीच हवेतलं नाहीये. 2010 मध्ये 42 बायकांवर ट्रायल झाली, दिवसातून दोन कप, महिनाभर, आणि टेस्टोस्टेरॉनचे आकडे उतरले. पण केस किती दाट याला मार्क देऊन मोजलं तेव्हा फरक सापडला नाही. चहा म्हणून प्या की, कोण अडवतंय.

आणि जे खरंच सांगायला हवं ते मेसेजमध्ये नाहीच. केस दोन-चार महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळाच्या बाजूने टक्कल पडायला लागलं तर थांबू नका, बीजांडकोशात किंवा ॲड्रिनलमध्ये गाठ असू शकते. गोरं व्हायच्या स्टेरॉइडवाल्या क्रीमनेही चेहऱ्यावर केस येतात, ते कुठली क्रीम लावता हे डॉक्टरला सांगितल्याशिवाय कळणार नाही. परळला आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, प्रजनन आरोग्य संस्थेत पीसीओएससाठी वेगळं क्लिनिक आहे, फोड सुकले की भाचीला तिथे घेऊन जातेय.

हे टाइप करतानाच तिचा मेसेज आला, मावशी तोपर्यंत रेझर चालेल ना नक्की? चालेल गं, पण आधी ती जखम भरू दे.