मुलांना मोजू द्या, सर

सर, कोणाला किती कॉम्प्युटर मिळतो ही विषमता विद्यार्थ्यांनी स्वतः मोजावी, या माझ्या सूचनेवरची तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शाळा-शाळांतले आणि वस्त्यांमधले कॉम्प्युटर मोजायला विद्यार्थ्यांना पाठवणं म्हणजे त्यांच्या मनात हेवा पेरणं. आकडे सरकारदरबारी असतातच. आणि हाताहातात मोबाइल आल्यावर ही विषमता उरलीच कुठे?

आकडे असतात, पण ते यंत्रांचे. लॅबची किल्ली कोणाकडे असते, ते सर रजेवर गेले की तास होतो का, एका कॉम्प्युटरवर तिघं बसली की माउस कोणाच्या हातात असतो, हे कुठल्याच रजिस्टरमध्ये सापडत नाही. शेवटचा प्रश्न तर सुचतोही त्याच मुलीला, जिच्या वाट्याला कायम बाजूला बसून स्क्रीनकडे बघणं आलंय. घड्याळ लावून नोंद करायला सांगा तिला. 35 मिनिटांचा तास. लॅबपर्यंत जाणं, जागा पकडणं, मशीन सुरू होणं, पासवर्ड, यात 10 मिनिटं सहज जातात. उरलेली 25 तिघांत वाटली तर प्रत्येकी जेमतेम 8. तीही सारखी वाटली गेली तर! रजिस्टरमध्ये मात्र ‘प्रात्यक्षिक झाले’.

नुसती यंत्रं वाढवून काय होतं, ते पेरू देशात दिसलं. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेखाली तिथे ग्रामीण शाळांना लॅपटॉप दिले गेले. 319 शाळांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यामागे कॉम्प्युटरचं प्रमाण 0.12 वरून 1.18 झालं होतं, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. इंटरनेट जवळपास कुठेच नव्हतं. तुम्ही म्हणाल, मग कॉम्प्युटर हवेतच कशाला? पण त्याच अभ्यासात मुलांच्या विचारक्षमतेच्या काही चाचण्यांत सुधारणाही दिसली होती. म्हणूनच ‘किती’च्या पुढे जाऊन ‘कोण, कधी, कशासाठी’ विचारायला हवं.

मोबाइलचं थोडक्यात सांगतो. युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 2020 च्या अहवालानुसार जगभरातल्या 3 ते 17 वयोगटातल्या सुमारे 130 कोटी मुलांकडे, म्हणजे दर तिघांपैकी दोघांकडे, घरी इंटरनेट नव्हतं. ज्या घरात एकच फोन आहे, तिथे तो सकाळी मोठ्यांबरोबर कामावर जातो. आणि फोनवर व्हिडिओ बघता येतो हो, पण दहा पानी प्रकल्प टाइप करून बघा एकदा.

आता हेव्याबद्दल. शेजारच्या शाळेत काय आहे, हे मुलांना आपल्याआधी ठाऊक असतं. त्यांना ठाऊक नसतं ते कारण. म्हणून ती ‘आपल्याला कॉम्प्युटर जमत नाही’ असं खुशाल स्वतःवर घेतात. नोंदी केल्यावर तेच वाक्य ‘आपल्याला आठ मिनिटं मिळतात’ असं होतं. पहिल्या वाक्यावर मुख्याध्यापक काही करू शकत नाहीत, दुसऱ्यावर करू शकतात.

तुमचा एक मुद्दा मात्र पूर्ण मान्य: शाळांची नावं लावून तुलनेचा तक्ता भिंतीवर टांगू नये. ‘शाळा अ’, ‘शाळा ब’ पुरेसं आहे, आणि कोणाच्या घरी काय आहे हे वर्गात हात वर करून तर अजिबात विचारू नये. चिठ्ठीवर, नाव न लिहिता.

बाकी, अशा नोंदींतून निघणाऱ्या पहिल्या मागण्या बहुधा बिनपैशाच्या असतात. किल्ली ऑफिसात ठेवा. दर आठ मिनिटांनी माउस पुढच्याकडे द्या. शाळा सुटल्यावर लॅब तासभर उघडी ठेवा. या शेवटच्या मागणीसाठी कोणीतरी मोठं माणूस थांबावं लागतं, आणि गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते.