रिमोटने विझवलं म्हणजे बंद नव्हे!

बडोद्यात, दांडिया बाजारापासून नव्या सोसायट्यांपर्यंत, फॉल्स सीलिंगच्या खाचेत एलईडी पट्टी हवीच. झोपताना रिमोट दाबला, की म्हणे लाइट बंद! अहो, विझली ती पट्टी. १२ व्होल्टचा ॲडॉप्टर आणि रिमोटची वाट बघत बसलेला कंट्रोलर रात्रभर वीज पितातच. चोवीस तास फक्त १ वॉट धरला तरी वर्षाला ८.७६ युनिट; असे चार नग, की ३५ युनिट गेले. मखराच्या माळेचा ॲडॉप्टर तर विसर्जनानंतरही प्लगमध्येच! भिंतीवरचं बटण बंद करा ना. तरी पट्टी मधूनच लुकलुकतेय? मग वायरमनने बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) टाकलंय, नाहीतर बटणातल्या इंडिकेटरच्या छोट्या दिव्यातून करंट झिरपतोय. ते तपासायचं नाही, बिल आलं की मीटरच्या नावाने शिमगा!