सुपरमॅन, अलमट्टी आणि राजाचे वेताळ

रविवारी कट्ट्यावर विषय निघाला बंड्यामुळे, आणि बंड्यामुळे विषय निघतो तेव्हा तो कधीच त्याचा स्वतःचा नसतो, त्याच्या पोराचा असतो. पोरगं सातवीत. घरात सगळ्यांनी मिळून तो २०२५चा सुपरमॅन बघितला (तोच, ज्यातला किस आपल्या सेन्सॉरनं ३३ सेकंद कापला म्हणून बोंब झालेली) आणि पोरानं विचारलं, बाबा, ह्यानं एकट्यानं अख्खं युद्ध थांबवलं, तरी त्याची गर्लफ्रेंड लोइस त्याला उलटतपासणी घेतल्यासारखे प्रश्न का विचारते?

"मग काय सांगितलंस?"

"झोप म्हणालो."

एवढ्यात सुहाससर आले. सरांचं असं आहे की विषय कुठलाही असो, ते बसायच्या आधी भडंगाच्या कागदात बोटं घालतात, फक्त शेंगदाणे वेचतात आणि तोंडात टाकून "म्हणजे एका अर्थाने" असं सुरू करतात. आम्ही बाकीचे नुसते चुरमुरे खातो, अकरा वर्षं.

"म्हणजे एका अर्थाने," सर म्हणाले, "मूळ मुद्दा अधिकाराचा आहे. ह्याला निवडून कुणी दिला? कुणाच्या वतीनं गेला हा त्या देशात? आज युद्ध थांबवलं, उद्या निवडणूक थांबवेल. उपकार करणारा हुकूमशहा हा सगळ्यात..."

"सर, लोक मरत होते," राजा म्हणाला.

राजाचं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर दुसऱ्यांचे सातबारे आणि प्रोजेक्ट छापतो आणि मधल्या वेळात कॉमिक्स वाचतो, म्हणजे खरं तर कॉमिक्स वाचतो आणि मधल्या वेळात झेरॉक्स काढतो. त्यामुळं ह्या विषयात त्याच्यापुढं आम्ही कोणी टिकत नाही, सर तर अजिबात नाही, पण सरांना ते अजून कळलेलं नाही.

"हा प्रश्न आत्ताचा नाही सर. १९३८ला सुपरमॅन आला आणि दोन वर्षांत प्रश्न आला. १९४०ला एका मासिकानं त्याच्या बापांना, म्हणजे सीगल आणि शूस्टरला, सांगितलं की सुपरमॅन युद्ध कसं संपवेल ते काढून द्या. ह्यांनी दोन पानांत संपवलं. तोफा वाकवल्या, हिटलरला मानगूट धरून उचलला, जाताजाता स्टालिनला उचलला आणि दोघांना जिनीव्हाला राष्ट्रसंघापुढं नेऊन उभं केलं. दोन पानं! हिटलरच्या एसएस संघटनेच्या पेपरला एवढं लागलं की त्यांनी सीगलवर आख्खा लेख लिहिला."

"मग झालं की," पम्या म्हणाला.

"झालं कुठं? पुढं अमेरिका खरंच युद्धात उतरली. आता काय करायचं? सुपरमॅन दोन पानांत जिंकतो आणि इकडं शेजारचं पोरगं रोज फ्रंटवर मरतंय. वाचणाऱ्यानं थोबाडीत दिली असती. मग काय केलं, क्लार्क केंट, म्हणजे साध्या माणसाच्या वेषातला सुपरमॅन, सैन्यात भरती व्हायला जातो, डोळ्यांची तपासणी असते, आणि हा पठ्ठ्या गडबडीत क्ष-किरण नजरेनं भिंतीपलीकडचा, शेजारच्या खोलीतला तक्ता वाचून दाखवतो. डॉक्टर म्हणाला नजर अधू, नापास!"

बंड्या एवढा हसला की त्याच्या हातातला चहा पँटवर. तो विमा एजंट आहे, त्याला मेडिकलमध्ये नापास होणारी माणसं रोज भेटतात.

"बघा, म्हणजे मर्यादा हवीच," सर म्हणाले. त्यांना वाटलं हा पॉइंट त्यांचा.

"मर्यादा नाही सर, ती लेखकाची पळवाट आहे. हिरोला सगळं जमतं म्हटलं की गोष्ट मेली. म्हणून आधी हात बांधायचे, आणि मग त्या दोरीला तत्त्व म्हणायचं. मनुष्याच्या इतिहासात ढवळाढवळ नको, त्यांचं त्यांना शिकू द्या, वगैरे वगैरे. १९७८च्या सुपरमॅन पिक्चरमध्ये त्याचा बाप तेच बजावून गेलेला असतो ना? आणि हा काय करतो? लोइस मेली की पृथ्वीला उलट्या चकरा मारून काळच मागं नेतो! इतिहास गेला खड्ड्यात. दुसऱ्याचं माणूस मेलं की नियम, आपलं मेलं की पृथ्वी फिरवायची."

मला हे फार पटलं, पण मी काही बोललो नाही कारण मागच्या वेळी मी राजाला दुजोरा दिला तेव्हा सरांनी मला "अनुयायी" म्हटलं होतं.

पम्या मध्येच म्हणाला, "पण त्याच पिक्चरमध्ये धरण फुटतं की रे, आणि हा दगड रचून पाणी अडवतो."

धरण म्हटलं आणि संपलं. सांगलीत कुठल्याही कट्ट्यावर धरण हा शब्द काढायचा नाही हा साधा नियम आहे, पम्या माधवनगरचा असून त्याला कळत नाही. बंड्या लगेच सुरू, की २०१९च्या पुरात आयर्विन पुलाला ५७ फूट पाणी आलं तेव्हा सुपरमॅन असता तर सरळ उडत गेला असता आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचे दरवाजे उपटून टाकले असते. सर म्हणाले पुराची चौकशी करणाऱ्या वडनेरे समितीनं अलमट्टीचा संबंध नाही म्हणून सांगितलंय. बंड्या म्हणाला समितीच्या घरात पाणी आलं होतं का. सर म्हणाले कोयना एका बाजूनं आणि पाऊस दुसऱ्या बाजूनं हे तू समजून घे. बंड्या म्हणाला अलमट्टीची पातळी ५१९ मीटर, ५१९ मीटर, एवढंच मला माहितेय. पाच-सात मिनिटं हेच. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला, त्याला हे पाठ आहे.

"बरं उपटले दरवाजे," राजा शेवटी म्हणाला. "मग?"

"मग काय, आपण वाचलो."

"आणि खाली? नारायणपूर, रायचूर, तिकडं नदीकाठी माणसं नाहीत? तिथलं एखादं पोरगं वर बघून म्हणत असेल, सुपरमॅन आला, आणि मागनं पाण्याची भिंत."

बंड्या गप्प. सर खुश. सरांनी दोन शेंगदाणे एकदम टाकले आणि म्हणाले, "म्हणजे तू माझ्याच बाजूला आलास."

"नाही आलो. पुरात बुडणाऱ्याला हात देताना मी त्याला विचारणार नाही की तुमच्या ग्रामपंचायतीचा ठराव आहे का. हात देणं वेगळं आणि दार उघडणं वेगळं. दार उघडलं की पाणी कुणाच्या घरात घालायचं ते तू ठरवलंस. तिथं विचारलंच पाहिजे, त्या लोइसनं विचारलं तसं. पण तुम्ही सर, हात द्यायच्या वेळीसुद्धा दाराचीच चर्चा काढता."

हे मात्र जबरदस्त होतं. पम्यानं सुद्धा मोबाईलमधून डोकं वर काढलं.

सर थोडे हलले. मग त्यांनी ठेवणीतलं काढलं. "अरे, आपल्याकडं हे कधीच सांगून झालंय. युद्धानंतर कृष्ण द्वारकेला परत निघालाय, वाटेत उत्तंक ऋषी भेटतो. त्याला बिचाऱ्याला काहीच पत्ता नाही, तो विचारतो, काय, कौरव-पांडवांचं मिटवलंस ना? कृष्ण सांगतो, सगळे मेले. उत्तंक असा भडकतो, म्हणतो तुझ्यात ताकद होती, तरी तू थांबवलं नाहीस, मी तुला शापच देतो. आणि कृष्ण काय म्हणतो? म्हणतो, मी माणसाच्या जन्मात होतो, माणसासारखं वागलो. विनवण्या केल्या, भीती घातली, त्यांनी ऐकलं नाही. म्हणजे एका अर्थाने, अवतारालासुद्धा मर्यादा."

खरं सांगायचं तर मुद्दा चांगला होता. सरांचा आहे म्हणून मी इथं कमी करून लिहितोय असं नाही, तेवढंच बोलले ते.

"उत्तंकाचा शाप टळला," राजा म्हणाला. "गांधारीचा टळला का? तिनंही तेच विचारलं, तू समर्थ होतास, मग दुर्लक्ष का केलंस. छत्तीस वर्षांनी तुझं कूळ असंच आपापसात मरेल म्हणाली. आणि झालं तसंच. स्पायडरमॅनचं तरी दुसरं काय? १९६२च्या पहिल्याच गोष्टीत समोरनं चोर पळाला, हा म्हणाला माझं काय काम, आणि त्याच चोरानं ह्याच्या काकाला मारलं. करता येत होतं आणि केलं नाही, ह्याला माफी नाही सर. न्यूयॉर्कचे टॉवर पडले, त्यानंतर ह्यांनी काळ्या कव्हरचा अंक काढला, त्यात धुळीनं माखलेली माणसं पळतापळता स्पायडरमॅनलाच विचारतात, तू होतास कुठं?"

"त्याच अंकात तो डूम रडतो ना?" पम्या. ज्यानं जग जिंकायचे पन्नास प्लॅन केले तो व्हिलन ढिगाऱ्यापाशी उभा राहून टिपं गाळतो, हे पम्याला कॉलेजपासून पचलेलं नाही.

"ते सोड. करता येत होतं आणि केलं नाही," राजा पुन्हा म्हणाला, आणि आता तो सरांकडंच बघत होता. "तिथं आपण येतोय सर. माझे वेताळ."

सरांचा हात कागदातच थांबला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: राजाच्या वडिलांनी इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक, बहुतेक सगळे वेताळचे (म्हणजे फँटमचे), जाड दोऱ्यानं शिवून तीन बाड केली होती. सरांनी ती "वासाहतिक नजर" असल्या कायतरी लेखासाठी २०१७ला नेली. लेख आला नाही. पूर आला.

"राजा, अरे मारुती चौकात तळमजला, पाणी किती झपाट्यानं..."

"दोन दिवस होते. फ्रीज वर गेला की नाही?"

"गेला."

"टीव्ही?"

"तो बंड्यानंच उचलला."

बंड्यानं मान फिरवली.

"आणि पीएचडीचा थीसिस? किती कॉप्या वर नेल्या?"

सर काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यांदा."

"पाच."

"पाच! पाचही सारख्याच! आणि त्या काढल्या कुणी? मी काढल्या, माझ्या दुकानात. फाइल माझ्या कॉम्प्युटरला होती सर, अजून आहे, मेल केली तरी पोचली असती. आणि माझे वेताळ कॉटखाली, पत्र्याच्या पेटीत!"

"पेटी वॉटरप्रूफ असेल असं मला..."

पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. पम्या कट्ट्यावरनं खाली. चहावाला स्टोव्ह सोडून बाहेर आला. पाणी ओसरल्यावर ती पेटी उघडली तेव्हा आत राखाडी लगदा होता आणि त्याच्या एका कोपऱ्यात वेताळच्या लांडग्याचा निम्मा चेहरा शाबूत होता, तो तुकडा राजानं वाळवून दुकानात काचेखाली ठेवलाय. सर झेरॉक्सला गेले की सुट्टे पैसे बरोबर त्याच्यावर मोजतो.

"शाप देऊ का?" राजा म्हणाला. "गांधारीचाच. छत्तीस वर्षं चहा तुमच्याकडं."

"एकोणीसपासून धरून?" सर आशेनं.

"म्हणजे २०५५ला मॅच्युअर," बंड्या लगेच. "मध्ये सरेंडर करता येणार नाही सर, रायडर म्हणून भजी घ्या."

सरांनी मोठ्या मनानं खिशातनं फोन काढला, स्कॅन करायला पुढं झुकले, आणि तेवढ्यात फोनची बॅटरी संपली. नऊ चहाचे पैसे राजानंच दिले. शेवटचे शेंगदाणे तेवढ्यात सरांनी संपवले.