टँकमधला प्रत्येक केसाळ किडा बॉबिट नसतो हो!

गेले आठ दिवस एक फॉरवर्ड फिरतोय. मला चार ग्रुपवरून आला, त्यातला एक तर आमच्या सोसायटीचा, जिथे एरवी पार्किंग आणि पाण्याच्या टँकरशिवाय विषय नसतो. व्हिडिओत वाळूतून एक किडा झडप घालून मासा आत ओढतो आणि खाली लिहिलंय, "घरच्या रीफ टँकमध्ये (म्हणजे कोरल, आपलं प्रवाळ, ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात) केसाळ किडा दिसला की समजा बॉबिट वर्म आला. दहा फूट वाढतो, रात्रीत मासे फस्त करतो, मादी नराचा अवयव कापते म्हणून हे नाव, चावला तर माणूस जातो. दिसताच कात्रीने तुकडे करा आणि टँकमध्ये कॉपरचं औषध ओता." कर्वेनगरच्या एका मित्राने हे वाचून काल खरंच कॉपरची बाटली आणली, म्हणून लिहायला बसलो.

पहिलं म्हणजे केसाळ असेल तर तो बहुतेक बॉबिट नाहीच. शाळेत वलयांकित प्राणी शिकलो ना, गांडूळ, जळू, नेरीस, बॉबिट आणि तुमचा केसाळ किडा दोघंही त्याच खानदानातले पण चुली वेगळ्या. केसाळ असतो तो ब्रिसल वर्म, गुलाबी-तपकिरी, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांचे झुपके, आणि त्याला जबडाच नसतो, मग मासा कापणार कशाने? बॉबिट आणि त्याच्या कुळातले, म्हणजे युनिसिड, भाऊबंद वेगळे, अंग चकचकीत, रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवर ऊन पडल्यावर दिसतात तसे रंग, डोक्यावर पाच मिशा आणि कात्रीसारखा जबडा. ओळखायचं असेल तर गणपतीच्या डेकोरेशनचा उरलेला लाल जिलेटिन पेपर टॉर्चला गुंडाळा आणि लाइट बंद केल्यावर तासाभराने बघा, लाल उजेडाला ते फारसे बिचकत नाहीत.

आता मासे खातो म्हणे. मागे एका गुरुवारी दिवसभर लाइट नव्हती, इन्व्हर्टर संपला, पंप बंद, संध्याकाळी घरी आलो तर क्लाउन मासा तळाशी आडवा आणि त्याच्यावर सात-आठ ब्रिसल वर्म. बायको म्हणाली बघ, किड्यांनी मारला. मारला ऑक्सिजन कमी पडल्याने, किडे आपले तेराव्याचं जेवायला आलेले. तो मासा दगडाआड सडला असता तर अमोनियाने उरलेलेही गेले असते. आणि किडे भराभर वाढत असतील तर टँकमध्ये खाणं जास्त पडतंय, हात आवरा.

दहा फुटाचं खोटं नाही. 2009 मध्ये जपानमधल्या एका बंदरात 299 सेंटिमीटरचा सापडलाय, 673 वलयं, वजन 433 ग्रॅम. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या न्यूकी इथल्या मत्स्यालयात कोरल तुटत होते, मासे जखमी होत होते, शेवटी एकेक दगड उचलल्यावर चारेक फुटाचा निघाला. म्हणजे टँकमध्ये ठेवायला आणलेल्या दगडातून लपून येऊ शकतो, पण प्रत्येक दोन फुटी टँकमध्ये तोच बसलाय असं नाही.

नावाची गोष्ट तर शुद्ध थाप. 1993 च्या अमेरिकेतल्या लोरेना बॉबिट केसवरून ते पडलं, त्या बाईने नवऱ्याचा अवयव कापला होता. या किड्याला तसला अवयवच नसतो, नर-मादी आपापलं बीज पाण्यात सोडून मोकळे.

माणूस जातो हेही नाही. पण ब्रिसल वर्मला उघडा हात लावू नका, केस काचेच्या लोकरीसारखे घुसतात. मी लावलाय. सेलोटेप चिकटवून ओढले तरी तीन दिवस बोट चुरचुरत होतं, चहाचा कप डाव्या हाताने.

कात्री हा तर कहरच. युनिसिड मागून तुटला तर शेपूट परत उगवतं आणि आपल्या टँकमध्ये सर्रास दिसणाऱ्या काही ब्रिसल वर्मच्या तुकड्यांचे नवे किडे होतात, म्हणजे एकाचे चार करायची कृती हे लोक उपाय म्हणून वाटतायत!

आणि कॉपर. ते माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांचं औषध, तेही वेगळ्या क्वारंटाइन टँकमध्ये, जिथे दगड नाही, कोरल नाही. रीफमध्ये ओतलंत तर कोरल, गोगलगायी, कोळंबी सगळं जाणार, दगडात मेलेल्या किड्यांचा अमोनिया वेगळा, आणि कॅल्शियमचा दगड कॉपर धरून ठेवतो तो पुढे कधी सोडेल सांगता येत नाही.

फारच झाले असतील तर छोट्या बाटलीला किडा शिरेल एवढी भोकं पाडा, आत कोळंबीचा तुकडा (गणेश पेठेतून अर्धा पाव आणली तरी महिना जातो), रात्री वाळूवर आडवी ठेवा आणि सकाळी उचला. खरोखर युनिसिड असेल तर तो दगडच बाहेर बादलीत काढायचा आणि त्याच्या भोकात बाटलीतलं साधं सोडा वॉटर सोडायचं, बरेचदा तडफडत बाहेर येतो, मग दगड खाऱ्या पाण्याने धुवून परत आत.

मित्राची कॉपरची बाटली दुकानदाराने परत घेतली नाही, "विकलेला माल" वगैरे पाटीकडे बोट दाखवलं म्हणे. बाटलीचा ट्रॅप मात्र लावला त्याने. आज सकाळी फोटो आला, आत चार ब्रिसल वर्म, बोटाएवढेही नाहीत, आणि कोळंबीवर ठाण मांडून बसलेला त्याचाच हर्मिट क्रॅब, म्हणजे शंखातला खेकडा.