'नर्सिंगला कसली आलीय थिअरी?' या फिरत्या मेसेजला उत्तर

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीने परवा एक मेसेज पाठवला आणि विचारलं, "मावशी, मग आम्ही हे सगळं पाठ कशाला करतोय?" मेसेजमधले दावे असे. एक, फ्लॉरेन्स नाइटिंगेलकडे कुठलीही थिअरी नव्हती. दिवा आणि माया एवढ्यावर तिने मृत्यू 42 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणले. दोन, नर्सिंग थिअरी 1950 नंतर अमेरिकन विद्यापीठांनी पदव्या वाटण्यासाठी रचल्या. तीन, नर्स डॉक्टरांची ऑर्डर पाळते, तिला वेगळ्या शास्त्राची गरज नाही. चार, म्हणून चार वर्षांची पदवी बंद करा, सहा महिन्यांचं प्रशिक्षण पुरे.

यातला तिसरा दावा रुग्णांच्या अंगावर येणारा आहे, त्यावर सविस्तर लिहायचं आहे. आधी पहिले दोन.

42 आणि 2 टक्के हे आकडे क्रिमियन युद्धातल्या, तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयातले, फेब्रुवारी आणि जून 1855 चे. नाइटिंगेल तिथे पोचल्या नोव्हेंबर 1854 मध्ये. म्हणजे दिवा आणि माया दोन्ही हजर असताना हिवाळाभर मृत्यू वाढतच गेले. ते उतरले मार्च 1855 नंतर, ब्रिटिश सरकारने पाठवलेल्या सॅनिटरी कमिशनने (स्वच्छता आयोगाने) तुंबलेली गटारं धुऊन काढली, मेलेली जनावरं हलवली, भिंतींना चुना दिला आणि हवा खेळती केली तेव्हा. इंग्लंडला परतल्यावर बाईंनी विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर ते आकडे मांडले आणि त्यातून त्यांचा विचार, म्हणजेच त्यांची थिअरी, पक्की झाली. 1859 च्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या त्यांच्या पुस्तकात ती स्पष्ट आहे: बरं करणं निसर्गाचं काम, हवा, उजेड, ऊब, स्वच्छता, शांतता आणि आहार सांभाळून रुग्णाला त्यासाठी योग्य स्थितीत ठेवणं हे नर्सचं. जंतूंचा सिद्धांत त्यांनी बरीच वर्षं मानला नाही, दूषित हवेलाच दोष दिला, हे कबूल. पण नर्सने दिवसातून वारंवार हात धुवावेत हेही त्याच पुस्तकात आहे.

दुसऱ्या दाव्यात अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागेल. बहुतेक मोठ्या थिअरी 1950 ते 1980 या काळात अमेरिकेत लिहिल्या गेल्या आणि लिहिणाऱ्या बऱ्याच जणी कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजशी किंवा येलशी जोडलेल्या होत्या. विद्यापीठात टिकायचं तर आपली ज्ञानशाखा वेगळी आहे हे दाखवणं त्यांना भाग होतं. मार्था रॉजर्स यांची 1970 ची ऊर्जाक्षेत्रांची मांडणी वॉर्डात कशी वापरायची हे समजावताना शिक्षकांची आजही दमछाक होते. आणि आपल्याकडे परीक्षेसाठी नावं-सालं घोकून घेतात, ही खोट खरी आहे. पण आपल्याकडे बीएस्सी नर्सिंग दिल्लीत आणि वेल्लोरला सुरू झालं 1946 मध्ये. हिल्डगार्ड पेपलाऊ यांचं नर्स-रुग्ण नात्यावरचं पुस्तक आलं 1952 मध्ये. पदवी आधी आली, थिअरी नंतर. ते पुस्तकही 1948 मध्येच लिहून झालं होतं. सहलेखक म्हणून डॉक्टर नाही, केवळ एवढ्यासाठी ते अडलं. नर्सला स्वतःचं काही सांगायचं असू शकतं हेच तेव्हा पटत नव्हतं, आणि मेसेज लिहिणाऱ्याला अजून पटलेलं दिसत नाही.

आता ऑर्डरची गोष्ट. व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन नर्सने 1955 च्या सुमारास नर्सचं काम नेमकं सांगितलं: माणसाकडे पुरेशी शक्ती, इच्छा आणि ज्ञान असतं तर जे त्याने स्वतः केलं असतं, ते करायला त्याला मदत करणं, आणि ती मदत त्याला लवकरात लवकर लागू नये असं पाहणं. हे वाक्य घेऊन मधुमेहाच्या रुग्णाकडे जा. ऑर्डर आहे, 'इन्सुलिन चालू ठेवा'. घरी साखर उतरत नाही. यात काय कमी पडतंय? दिसत कमी असेल तर सिरिंजवरच्या खुणाच वाचता येत नाहीत. तो शक्तीचा प्रश्न. सुईचा कंटाळा असेल तर इच्छेचा. आणि बाटली मिलिलिटरला 40 युनिटची असून दुकानातून मिलिलिटरला 100 युनिटच्या खुणांची सिरिंज आणली असेल तर 20 च्या खुणेपर्यंत भरूनही शरीरात जातात 8 युनिट; तो ज्ञानाचा. प्रत्येकाचा उपाय वेगळा. यातलं काय चुकलंय ते रुग्णाला सिरिंज भरून दाखवायला सांगितल्याशिवाय कळत नाही. हे पाहायला सांगणारी ऑर्डर सहसा कोणी लिहीत नाही.

बेडसोरचं, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने दाबाखाली होणाऱ्या जखमेचं, तर विचारूच नका. पूर्वी पाठीला स्पिरिट चोळायचं आणि पावडर लावायची, हीच पद्धत होती. अनेक घरांत आजही चालते. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश नर्सने सहकाऱ्यांसह वृद्धांच्या वॉर्डात याचा अभ्यास केला, तो 1962 मध्ये प्रसिद्ध झाला. कातडीवर काय लावता याने फरक पडत नाही, दाब वेळेवर काढला तर पडतो, हे त्यातून पुढे आलं. धोका ओळखायला त्यांनी गुणपद्धतही दिली: शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, हिंडणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल आणि लघवी-शौचावरचा ताबा, अशा पाच बाबींना 1 ते 4 गुण. बेरीज 14 किंवा कमी आली की धोका.

पण जखम का होते, याचं चित्र मांडलं बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी 1987 मध्ये. दोन बाजू: दाब किती आणि किती वेळ, आणि तो सोसायची कातडीची ताकद किती. पहिल्या बाजूला संवेदना, हिंडणं-फिरणं, हालचाल. दुसऱ्या बाजूला ओलावा, पोषण आणि घर्षण-ओढ. याच सहा बाबींची ब्रेडन स्केल ही गुणपद्धत झाली: 6 ते 23 गुण, 18 किंवा कमी म्हणजे धोका. नुसती बेरीज पाहून भागत नाही. 14 गुणांचे दोन रुग्ण शेजारी असतील आणि एकाचे गुण अर्धांगवायूने कमी झाले असतील, दुसऱ्याचे लघवीने सतत ओल्या राहणाऱ्या चादरीने, तर दोघांची काळजी वेगवेगळी.

ही मांडणी डोक्यात असली की पुढचं आपोआप सुचतं. दर दोन तासांनी कूस बदला, पण पूर्ण कुशीवर नको, सगळा भार खुब्यावर येतो. पाठीमागे उशी देऊन साधारण 30 अंश कलवा. पोटऱ्यांखाली उशी घ्या, टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. जेवण किंवा दम नसेल तर पलंगाची डोक्याकडची बाजू 30 अंशांच्या वर ठेवू नका. शरीर खाली घसरतं, कातडी चादरीला चिकटून राहते आणि माकडहाडावर आतल्या आत रक्तवाहिन्या ताणल्या जातात. रुग्णाला वर सरकवताना काखेत धरून ओढू नका, दोघांनी ड्रॉ शीटने (अंगाखाली आडव्या घातलेल्या चादरीने) उचला. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून सोडा. फिकी झाली नाही तर इजा सुरू झालेली आहे, तिथे चोळणं म्हणजे ती वाढवणं. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून आसपासच्या भागापेक्षा ती जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते का ते पाहा. रबराची रिंग देऊ नका. कडेने दाब पडून मधला रक्तपुरवठा अडतो. आणि एअर बेड आणला की लोक कूस बदलणं थांबवतात, आणि टाचांना तिथेच जखमा होतात.

यातली किती कामं डॉक्टर लिहून देतात? रात्रपाळीत मॅकिंटॉशला (रुग्णाखालच्या रबरी चादरीला) पडलेली सुरकुती कोण पाहतं?

उरला सहा महिन्यांचा दावा. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये युरोपातल्या 9 देशांची, शस्त्रक्रिया झालेल्या 4 लाखांवर रुग्णांची पाहणी मांडली. पदवीधर नर्सेसचं प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त, तिथे 30 दिवसांत मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी कमी. एका नर्सकडे एक रुग्ण जास्त, तर ती 7 टक्क्यांनी अधिक. हा आढळलेला संबंध आहे, कारण सिद्ध झालं असं त्या पाहणीवरून म्हणता येणार नाही. मेसेजमध्ये मात्र सहा महिने पुरतात याला एकही आकडा दिलेला नाही.